काट मारलेला फ्यूज

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात गच्चीवर झालेल्या कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा नीटनेटका करून दिला आहे.)



समितीने मला विषय दिला होता ‘आपल्या सोसायटीची आर्थिक वाटचाल’. बँकेत जन्म गेलेल्या माणसाला दुसरा विषय देणार तरी कुठला? पण पंचवीस वर्षांचे ताळेबंद स्मरणिकेत छापले जाणारच आहेत, ते तुम्ही वाचाल किंवा नेहमीप्रमाणे वाचणार नाही. म्हणून मी आज फक्त एकाच रकमेबद्दल बोलणार आहे. रक्कम आहे तीनशे पन्नास रुपये. ती कुठल्याच ताळेबंदात सापडणार नाही, कारण तो खर्च झालाच नाही. मीच तो लाल पेनाने कापला होता.

जुन्या मंडळींना भारनियमनाचे दिवस आठवत असतील. जून २००५ मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण झालं, पण आपल्याकडचा अंधार काही लगेच गेला नाही. मुंबईत दिवे, आणि आसनगाव-कसारा लोकलमधून वाशिंदला उतरलं की काळोख. शहापूर तालुक्यातल्या तानसा आणि भातसाचं पाणी मुंबईला चोवीस तास, आणि आपण मात्र मेणबत्तीच्या उजेडात जिना चढायचा. एका संध्याकाळी तळमजल्यावरच्या आजी जिन्यात पाय चुकून पडल्या, आणि पुढच्याच सभेत जिन्याच्या दिव्यांसाठी सामायिक इन्व्हर्टर घ्यायचं ठरलं.

मी तेव्हा खजिनदार होतो. तीन कोटेशनं आली. सगळ्यात कमी आपल्या वाशिंदमधल्याच एका तरुण वायरमनचं होतं. इन्व्हर्टर, १५० अ‍ॅम्पियर-अवरची बारा व्होल्टची एक बॅटरी, तारा, पत्र्याचं कपाट, आणि शेवटची ओळ : ‘बॅटरी फ्यूज होल्डरसह, रु. ३५०.’ मी त्याला विचारलं, “इन्व्हर्टरमध्ये फ्यूज नसतो का?” तो म्हणाला, “असतो साहेब, पण बॅटरीपाशी वेगळा लागतो.” मी म्हटलं, “बारा व्होल्टला कसला आलाय वेगळा फ्यूज? हात लावला तरी शॉक बसत नाही.” आणि मारली काट. पोरगा नवा होता, समोर खजिनदार, शिवाय बी.एस्सी. झालेला. तो गप्प बसला.

मी पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झालो होतो, हे मुद्दाम सांगतो. माहीत नव्हतं, अशी सबबही मला नाही.

आता मी काय चुकलो, ते नीट सांगतो. बारा व्होल्टचा शॉक बसत नाही, हे खरं. कोरड्या कातडीचा विरोध इतका असतो की बारा व्होल्टने शरीरातून जाणवण्याइतका प्रवाह जात नाही. पण तांब्याच्या तारेला कातडी नसते. हिशोब बघा. ६०० वॉटचा भार २३० व्होल्टवर चालवला तर तारेतून अडीच-पावणेतीन अ‍ॅम्पियर जातात. तोच भार बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालवला तर पन्नास, आणि इन्व्हर्टरचं स्वतःचं नुकसान धरलं तर साठच्या घरात. व्होल्ट कमी, तेवढे अ‍ॅम्पियर जास्त. म्हणून इन्व्हर्टरकडून घरात जाणारी तार बारीक असते आणि बॅटरीकडची अंगठ्याएवढी जाड.

याचं मोठं उदाहरण आपल्या दारातच आहे. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला अशी आपल्या देशातली पहिली विजेची गाडी धावली, ती १५०० व्होल्ट डीसीवर. पुढे तीच वीज आपल्या रुळांवरून इगतपुरीपर्यंत गेली. पुष्कळ गाड्यांचं इंजिन इगतपुरीला बदलायचं, ते तुम्ही पाहिलं असेल, कारण पुढे २५,००० व्होल्टची एसी वीज होती. नंतर मुंबईकडचे मार्गही टप्प्याटप्प्याने २५,००० वर आले आणि २०१६ मध्ये उपनगरी मार्गांवरचं हे काम पूर्ण झालं. कारण हेच! तितकीच ताकद पोचवायला प्रवाह साधारण सोळा-सतरा पटींनी कमी लागतो. तारा हलक्या, वाटेतलं नुकसान कमी. अवाढव्य रेल्वेने जे ओळखलं, ते जिन्याखालच्या कपाटासमोर उभं राहून मी ओळखलं नाही.

आणि हा झाला नेहमीचा प्रवाह. चांगल्या बॅटरीची दोन टोकं थेट एकमेकांना टेकली, तर काही क्षण हजार अ‍ॅम्पियरच्या पुढेही प्रवाह जाऊ शकतो. बॅटरीवर काम करताना अंगठी, बांगडी, घड्याळाचा धातूचा पट्टा काढून ठेवतात तो याचसाठी. अंगठी दोन टोकांत अडकली, तर ती बोटातच लालबुंद होते.

आता त्या रात्रीकडे येतो. श्रावणातली रात्र होती, पाऊस कोसळत होता, वीज गेलेली. बॅटरी पत्र्याच्या कपाटात, इन्व्हर्टर बाहेर भिंतीवर. दोन्ही तारा पत्र्याला पाडलेल्या एका भोकातून बाहेर आलेल्या. त्या भोकाच्या कडेला रबरी रिंग बसवायची राहिली होती. महिनोन्‌महिने कपाटाचं दार उघड-बंद होताना पत्र्याच्या धारेने दोन्ही तारांचं आवरण कापत आणलं, आणि त्या रात्री दोन्ही तारा एकाच पत्र्याला टेकल्या. जिन्यात आधी वास, मग धूर, मग पिवळा उजेड. कोणीतरी धावत जाऊन सोसायटीचा मेन स्विच बंद केला. काही उपयोग झाला नाही. होणार कसा? वीज महावितरणची नव्हतीच, कपाटात साठवलेली होती. बॅटरीला मेन स्विच ठाऊक नसतो.

तेव्हा इन्व्हर्टरमधला फ्यूज काय करत होता? शाबूत होता! तो रात्रभर शाबूत होता आणि दुसऱ्या दिवशीही. कारण बिघाड झाला बॅटरी आणि इन्व्हर्टर यांच्या मधल्या तारेवर. प्रवाह बॅटरीतून निघाला, पत्र्यातून फिरला आणि बॅटरीत परत गेला. इन्व्हर्टरपर्यंत तो पोचलाच नाही, मग तिथला फ्यूज उडेल कशाला? बँकेच्या दारात पहारेकरी आहे आणि चोर तिजोरीच्या खोलीतच शिरलाय, असा प्रकार. म्हणून फ्यूज बॅटरीच्या प्लस टोकाशी हवा, जमेल तितका जवळ. फ्यूज यंत्रासाठी नसतो, तारेसाठी असतो. हे एक वाक्य लक्षात राहिलं तरी आजची संध्याकाळ सत्कारणी लागली.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना दमा होता. जिना धुराने भरलेला, खाली येता येईना. दोघा मुलांनी त्यांना खुर्चीत बसवून उचललं आणि याच गच्चीवर आणलं. डोक्यावर प्लास्टिकचा कागद धरून भर पावसात त्या पाऊण तास बसल्या होत्या. खाली वॉचमनने बांधकामाची उरलेली रेती टाकली. शेवटी तार स्वतःच वितळून तुटली म्हणून थांबलं. कोणाला काही झालं नाही. नशीब म्हणायचं, आणि नशिबाची नोंद कुठल्याच खात्यात करता येत नाही.

पुढच्या सभेच्या इतिवृत्तात काय लिहिलं गेलं, ते वाचून दाखवतो. ‘पावसामुळे शॉर्ट सर्किट झाले. काम निकृष्ट असल्याने वायरमनची शिल्लक रक्कम रु. १,८०० देण्यात येऊ नये.’ या ठरावाला अनुमोदन माझं आहे. कापलेल्या तीनशे पन्नासबद्दल मी चकार शब्द काढला नाही. त्या मुलाला आपल्याकडचं काम पुन्हा मिळालं नाही. गाव लहान, बोलणं पसरतं, त्यामुळे आणखीही दोन-तीन ठिकाणची कामं त्याच्या हातून गेली.

रबरी रिंग राहिली ही त्याची चूक, ती मी झाकत नाही. पण माणसाच्या हातून चूक होते म्हणूनच तर फ्यूज असतो. आमच्याकडे मोठ्या रकमेच्या व्हाउचरवर दोन सह्या लागायच्या. पहिली सही करणारा चोर असतो म्हणून नव्हे, तोही माणूस असतो म्हणून. त्याची चूक ही पहिली सही होती. दुसरी सही मी आधीच काढून टाकली होती.

दोन वर्षांनी, निवृत्त झाल्यावर, मी पाकिटात अठराशे रुपये घालून त्याच्या दुकानावर गेलो. स्वतःचे, सोसायटीचे नव्हेत. त्याने पैसे मोजले, पावती फाडून दिली आणि म्हणाला, “साहेब, आता तरी फ्यूज लावू द्या.” दुसरं काही बोलला नाही. मग मी त्याला म्हटलं, “मला मीटर धरायला शिकव.” पुढचं जे सांगतोय ते बरंचसं त्याच्याकडून शिकलेलं.

पहिली गोष्ट, फ्यूज कुठला? नेहमीच्या भारापेक्षा थोडा वरचा, पण तारेला जेवढं सोसतं त्यापेक्षा खालचा. जिन्याखाली आता ८० अ‍ॅम्पियरचा आहे. उडाला तर तसाच नवा घालायचा. तांब्याची तार गुंडाळून ‘तात्पुरतं’ चालवायचं नाही. आणि तो डीसीसाठी बनवलेला हवा. एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच तुटताना पडलेली ठिणगी विझायला संधी मिळते. डीसी प्रवाह शून्यावर येतच नाही, ठिणगी लांबत जाते. म्हणून घरातला साधा एमसीबी उचलून बॅटरीच्या किंवा गच्चीवरच्या सोलर पॅनलच्या तारेवर बसवणं धोक्याचं.

दुसरी गोष्ट, मोजणं. मल्टीमीटर आता चार-पाचशे रुपयांत मिळतो. व्होल्ट मोजायचे ते दोन टोकांना दोन काड्या लावून. अ‍ॅम्पियर मोजायचे ते वाट तोडून, मधे मीटर घालून. सगळ्यात जास्त मीटर जळतात ते एकाच चुकीने. लाल काडी दहा अ‍ॅम्पियरच्या भोकात राहिलेली असते आणि आपण व्होल्ट मोजायला बॅटरीला लावतो. त्या भोकात मीटर म्हणजे साधी तारच, म्हणजे आपण आपल्या हाताने शॉर्ट केलं. काडी कुठे आहे ते आधी बघा, मग हात पुढे करा. साठ अ‍ॅम्पियर या मीटरमधून मोजायचेच नसतात, त्याला क्लॅम्प मीटर लागतो, आणि तोही डीसी मोजणारा. साधा क्लॅम्प फक्त एसी दाखवतो आणि बॅटरीच्या तारेवर शून्य सांगून फसवतो.

बॅटरी चार्जिंग थांबवून दोन-चार तास विसावली, की पूर्ण भरलेली १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. ११.९ च्या खाली म्हणजे रिकामी, तिला तसंच ठेवलं तर ती कायमची आजारी पडते. पाण्याच्या बॅटरीला हायड्रोमीटर लावला तर भरलेल्या ट्यूब्युलर बॅटरीत आकडा १.२४० च्या आसपास हवा, आणि सहाही खणांत जवळपास सारखा. एका खणात बराच कमी असेल, तर बॅटरी त्या खणातून जाणार.

तिसरी गोष्ट, तपासणी, आणि ही मला फार आवडते, कारण ती अगदी बँकेसारखी आहे. नुसती पडून असलेली म्हातारी बॅटरीसुद्धा १२.६ दाखवते. आमच्याकडे काही खातेदार मार्चअखेरीला शिल्लक छान दाखवायचे आणि एप्रिलमध्ये चेक परत जायचा, तसं. खरी परीक्षा भार टाकून. जिन्याचे दिवे चालू करा, दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. चांगली बॅटरी थोडी उतरून तिथेच थांबते. गेलेली बॅटरी डोळ्यांसमोर घसरत जाते.

तसाच भार चालू ठेवून दोन ठिकाणी मोजा, बॅटरीच्या टोकांवर आणि इन्व्हर्टरच्या टोकांवर. समजा बॅटरीवर १२.२ आहेत आणि इन्व्हर्टरवर ११.०. मधले १.२ व्होल्ट गेले कुठे? आमच्याकडे संध्याकाळी कॅश जुळली नाही तर कोणी घरी जात नसे. विजेतही तसंच आहे. किर्चहॉफ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८४५ मध्येच नियम सांगितला, की पूर्ण वाटेवरचे व्होल्ट जमा-नावे जुळलेच पाहिजेत. मग एकेका जोडावर काड्या ठेवत जायचं, टोकावर एक आणि तारेच्या लगवर एक. जिथे मोठा आकडा दिसेल, तिथे चोरी. बहुतेक वेळा आपल्या पावसाळी हवेने हिरवट-पांढरं चढलेलं टर्मिनल असतं. आणि ती नुसती चोरी नाही, उष्णता आहे. साठ अ‍ॅम्पियर आणि १.२ व्होल्ट म्हणजे ७२ वॉट, एका जोडावर! पंचवीस वॉटच्या तीन सोल्डरिंग आयर्न एकाच नटावर ठेवल्यासारखं. आग नेहमी शॉर्टनेच लागते असं नाही. ढिला नटही लावतो, आणि त्याला फ्यूज उडत नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो. ढिला नट पकडायला मीटर लागतो. उपाय मात्र घरगुती. चार्जिंग बंद करून तारा सोडवायच्या, खायच्या सोड्याच्या पाण्याने टर्मिनल बाहेरून पुसायचं, पाणी खणात जाऊ द्यायचं नाही, नीट कोरडं करायचं, नट कसायचा, वर व्हॅसलीन. बॅटरी भरताना हायड्रोजन निघतो, म्हणून कपाटाला हवा खेळती हवी, आणि शेजारी देवाचा फोटो लावून उदबत्ती लावायची नाही. आपल्या एका विंगमध्ये ती लागत होती, कोणत्या ते सांगत नाही.

चौथी गोष्ट घरातल्या बायका-मुलांसाठी. राउटरचा अ‍ॅडॅप्टर बिघडला की खणात हाताला लागेल तो लावतात, आणि पिन बसली की झालं! अ‍ॅडॅप्टरवर वाचा. व्होल्ट तेवढेच हवेत, अ‍ॅम्पियर तेवढे किंवा जास्त चालतील, कारण प्रवाह यंत्र आपल्या गरजेइतकाच घेतं. शिवाय मधे प्लस की बाहेर प्लस, ते छोटं चित्र जुळलं पाहिजे. मोबाइलची आणि पॉवर बँकेची लिथियम बॅटरी वेगळ्या जातीची. तिचा एक सेल पूर्ण भरल्यावर साधारण ४.२ व्होल्ट असतो, त्यापुढे भरला तर पेटू शकतो. तिला सांभाळायला आत एक छोटं सर्किट असतं, ते स्वस्तातल्या मालात कधी नसतंच. पॉवर बँक फुगली तर तिला टोचू नका, चार्जिंगला लावू नका, घराबाहेर काढा. बॅटरीवरची स्कूटर रात्री जिन्यात चार्जिंगला लावून झोपू नका. जिना ही सगळ्यांची बाहेर पडायची एकच वाट आहे. हे मी कपाटाचा अनुभव घेऊन सांगतोय.

पाचवी आणि शेवटची. रक्षण करणाऱ्याचीही तपासणी लागते. तुमच्या डीबीमध्ये आरसीसीबी असेल, ३० मिलीअ‍ॅम्पियरचा, तर त्यावर ‘टी’ लिहिलेलं बटण आहे. महिन्यातून एकदा दाबा, तो पडला पाहिजे. नाही पडला, तर तो नुसता शोभेचा आहे. आणि इन्व्हर्टर चालू असताना वीज गेली म्हणून कोणी बोर्ड उघडू नये. रस्त्यावर अंधार असला तरी तुमच्या भिंतीत २३० व्होल्ट जिवंत असतात. तिथे बारा व्होल्टची माया नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने समितीला माझी लेखी विनंती आहे, ती मी आज सचिवांकडे देत आहे. त्या जुन्या ठरावाखाली पुढच्या सभेत एक दुरुस्ती नोंदवावी : ‘बॅटरीचा फ्यूज खजिनदारांच्या सांगण्यावरून कमी केला होता. वायरमनने तो सुचवला होता.’ बँकेत चुकीची नोंद खोडत नसत, तिच्यावर उलटी नोंद करून ती बरोबर करत. खोडाखोड करू नका, खाली उलटी नोंद करा. पैसे मी दिले, पण त्याचं नाव अजून नावेच लागलेलं आहे, ते जमा करायचं राहिलं आहे.

गच्चीवर पावसात बसलेल्या काकू आता नाहीत. त्यांना हे सांगायचं राहून गेलं. त्यांच्या सूनबाई समोर बसल्या आहेत, त्यांना सांगतो.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता जिन्याखाली या. मीटर मी आणतो. तो वायरमनही येणार आहे, आता तो गावोगाव सोलर बसवतो, तरी वेळ काढणार आहे. प्रत्येक घरातून एक जण तरी यावा, मुलगी असली तर फारच उत्तम. आणि येताना अंगठी घरी ठेवून या.